वाचकांचे प्रश्न : कोडमधील कमेंट्समधून डॉक्युमेंटेशन

सोर्स फाइलमध्येच ठरावीक पद्धतीने कमेंट्स लिहायच्या आणि एखाद्या साधनाकरवी त्या गोळा करून लायब्ररीची संदर्भपाने तयार करायची, या पद्धतीविषयी सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रकल्पासोबत डॉक्सिजनने तयार केलेले डॉक्युमेंटेशन जोडायचे आहे. कंपायलर कमेंट वगळतो असे आम्ही शिकलो आहोत. मग हे साधन त्याच कमेंटमधून पाने कशी तयार करते? शिवाय माझ्या काही कमेंट्स पानांवर दिसतात आणि काही दिसत नाहीत, याचे कारण काय असावे?

उत्तर : कंपायलर कमेंट वगळतो हे बरोबर आहे, परंतु डॉक्युमेंटेशनचे साधन तीच फाइल वेगळ्या हेतूने पुन्हा वाचते. त्याला त्यातून दोन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे घोषणा : फंक्शनचे नाव, पॅरामीटर, त्यांचे प्रकार, परत मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार, क्लास कोणत्या क्लासवरून घेतला आहे ती माहिती. हे सारे कोडमध्ये असतेच, त्यामुळे ते कमेंटमध्ये पुन्हा लिहावे लागत नाही. दुसरी म्हणजे त्या घोषणेला लागून असलेली कमेंट. साधन या दोहोंची जोडी लावते, कमेंटमधील ‘पॅरॅम’, ‘रिटर्न’, ‘सी’ असे टॅग ओळखून मजकुराचे भाग पाडते, दुसऱ्या क्लासचा उल्लेख आला तर तिथे दुवा घालते आणि मग एचटीएमएल किंवा अन्य रूपात पाने लिहून काढते. जावा भाषेसोबत येणारे असेच साधन जावाडॉक हे काम जावाच्या कंपायलरचाच वाचणारा भाग वापरून करते. दिमित्री व्हॅन हीश यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डॉक्सिजनचा वाचणारा भाग स्वतःचा आहे. त्यामुळे ते सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन अशा अनेक भाषा हाताळू शकते, आणि त्याच कारणाने मॅक्रोंची गर्दी असलेल्या सी कोडमध्ये कधी कधी त्याची चूकही होते.

आपल्या काही कमेंट्स दिसत नाहीत, यामागे बहुधा पुढीलपैकी एक कारण असेल. सर्वांत आधी कमेंटची सुरुवात तपासावी. ‘/*’ आणि ‘//’ या साध्या कमेंट्स आहेत आणि डॉक्सिजन त्यांच्याकडे लक्ष देत नाही. ‘/**’ किंवा ‘///’ अशी एक जादा खूण असली, तरच ती डॉक्युमेंटेशनसाठी आहे असे मानले जाते. त्यानंतर जागा पाहावी : कमेंट घोषणेच्या लगेच आधी हवी, आणि एखाद्या सदस्य-चलाच्या पुढे त्याच ओळीत लिहायची असेल तर ‘///<’ अशी खूण हवी, नाहीतर ती पुढच्या चलाला चिकटते. सी भाषेतील मोकळ्या फंक्शनच्या बाबतीत आणखी एक अडचण अनेकांना अडवते. ज्या फाइलमध्ये फंक्शन आहे, त्या फाइलसाठीच ‘फाइल’ या टॅगची एक कमेंट लिहिलेली नसेल, तर आतील फंक्शनच्या कमेंट्स नीट लिहिलेल्या असूनही पानांवर येत नाहीत. आणि खासगी सदस्य तर मुळातच वगळले जातात. ते हवे असल्यास साधनाच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये तसे सांगावे लागते.

ही खूण प्रत्येक भाषेत सारखी नसते. गो भाषेत वेगळी खूण नाहीच. घोषणेच्या लगेच वर, मध्ये रिकामी ओळ न सोडता लिहिलेली साधी कमेंट हेच डॉक्युमेंटेशन. पायथनमध्ये तर आपण जिला डॉकस्ट्रिंग म्हणतो ती कमेंट नसून फंक्शनच्या आरंभी ठेवलेली एक स्ट्रिंग असते, आणि कार्यक्रम चालू असतानाही ती त्या फंक्शनजवळ साठवलेली सापडते. पायथनच्या आज्ञा टाइप करण्याच्या चौकटीत ‘हेल्प’ विचारल्यावर जो मजकूर दिसतो, तो तिथूनच येतो.

प्रश्न : आमच्या टीममध्ये नियम आहे की प्रत्येक पब्लिक मेथडला कमेंट असलीच पाहिजे, नसल्यास कोड स्वीकारला जात नाही. परिणामी आमच्या पानांवर ‘सेटनेम : नेम सेट करते. पॅरामीटर नेम : नेम.’ अशा मजकुराची शेकडो उदाहरणे आहेत. नवे सहकारी म्हणतात की ही पाने वाचून काहीच कळत नाही. मग कमेंटमध्ये नेमके काय लिहावे?

उत्तर : आपल्या नव्या सहकाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे आणि दोष त्या नियमात आहे. नियम कमेंटचे अस्तित्व तपासतो. तिच्यात काही सांगितले आहे का, हे त्याला तपासता येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पोकळ कमेंट ही नसलेल्या कमेंटपेक्षा वाईट असते. कमेंट नसेल तर साधन ती उणीव अहवालात दाखवते आणि कोणीतरी कधीतरी ती भरून काढते. पोकळ कमेंट लिहिली की उणीव अहवालातून नाहीशी होते, आणि ती तिथे आहे हे पुढे कोणाच्याच लक्षात येत नाही.

काय लिहावे हे ठरवताना घोषणेपासूनच सुरुवात करावी. नाव, पॅरामीटर आणि त्यांचे प्रकार वाचकाला साधनच दाखवणार आहे. ते वाचल्यावर त्याच्या मनात कोणते प्रश्न उरतात? वेळ सेकंदांत द्यायचा की मिलिसेकंदांत? दोन आकड्यांमधला टप्पा दिला, तर शेवटचा आकडा त्यात धरला जातो की नाही? रिकामी यादी दिली तर काय होते, आणि ‘नल’ दिला तर? परत मिळालेली वस्तू बंद करण्याची जबाबदारी कोणाची? काम मध्येच फसले तर आधीची स्थिती जशीच्या तशी राहते की अर्धवट बदललेली असते? एकाच वेळी दोन थ्रेडमधून बोलावले तर चालेल का? हे प्रश्न घोषणेच्या प्रकारांतून क्वचितच सुटतात, आणि कोड वाचून त्यांची उत्तरे काढायला वेळ लागतो. कमेंटची खरी जागा इथे आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘रीडॲट’ नावाचे एक फंक्शन आहे आणि ते ‘स्थान’ व ‘लांबी’ असे दोन पूर्णांक घेते. ‘दिलेल्या स्थानापासून दिलेल्या लांबीचा मजकूर वाचते’ असे लिहिल्याने घोषणेत नव्याने काही मिळत नाही. त्याऐवजी अशी कमेंट पाहावी :

‘फाइलमधील दिलेल्या स्थानापासून जास्तीत जास्त “लांबी” इतके बाइट वाचते. स्थान शून्यापासून मोजले जाते. फाइल आधीच संपल्यास कमी बाइट परत मिळतात. स्थान फाइलच्या शेवटी किंवा त्यापलीकडे असल्यास रिकामा ॲरे मिळतो आणि एरर येत नाही. फाइलमधील चालू वाचनस्थान बदलत नाही, त्यामुळे हे फंक्शन एकाच वेळी अनेक थ्रेडमधून बोलावता येते.’

यातील प्रत्येक वाक्य एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. ‘एरर येत नाही’ हे तीन शब्द तर बोलावणाऱ्याच्या कोडची रचनाच ठरवतात, कारण त्यावरून त्याला कळते की शेवट ओळखण्यासाठी अपवाद पकडायचा नसून ॲरेची लांबी तपासायची आहे.

त्याचबरोबर काय लिहू नये याकडेही लक्ष द्यावे. अमुक एक अल्गोरिदम का निवडला, अमुक ओळ अशी विचित्र का आहे, हे फंक्शनच्या आत साध्या कमेंटमध्ये लिहावे. ते कोड बदलणाऱ्यासाठी आहे. बाहेर छापली जाणारी कमेंट वापरणाऱ्यासाठी असते आणि तिच्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट हे एक वचन ठरते. ‘निकाल नावाच्या क्रमाने मिळतात’ असे आज सहज लिहिले, तर उद्या कोणीतरी त्या क्रमावर विसंबून कोड लिहील आणि परवा आपल्याला आतील रचना बदलता येणार नाही. क्रमाची हमी द्यायची नसेल तर ‘क्रमाची हमी नाही’ असे स्पष्ट लिहिणे उपयोगाचे असते, कारण न लिहिलेल्या गोष्टींविषयी वाचक स्वतःच्या अनुभवावरून काहीतरी गृहीत धरतोच.

पहिल्या वाक्यावर विशेष मेहनत घ्यावी. जावाडॉक क्लासच्या पानावर मेथडच्या यादीत तेवढेच वाक्य दाखवते, पायथनच्या संकेतानुसार, म्हणजे २००१ साली मांडलेल्या ‘पेप २५७’नुसार, डॉकस्ट्रिंगची पहिली ओळ हा पूर्ण सारांश असावा, गो भाषेत पहिले वाक्य फंक्शनच्या नावाने सुरू करण्याची रीत आहे. बहुतेक वाचक यादीतील ते एक वाक्य वाचूनच पुढे जायचे की थांबायचे ते ठरवतात.

आपल्या नियमाविषयी माझे मत असे की तो बदलावा. साध्या गेटर-सेटरना (एखादे मूल्य नुसते देणाऱ्या किंवा ठेवणाऱ्या मेथडना) त्यातून मुभा द्यावी आणि उरलेल्यांसाठी कमेंट वाचून तपासण्याचे काम कोड रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावे. त्याने एवढेच पाहावे की ही कमेंट वाचून, आतील कोड न उघडता, मला हे फंक्शन बिनचूक वापरता येईल का.

प्रश्न : कोड बदलतो आणि कमेंट तशीच राहते, हा आमचा नेहमीचा त्रास आहे. एका फंक्शनच्या कमेंटमध्ये प्रतीक्षेची मर्यादा सेकंदांत लिहिलेली होती. मधल्या काळात कोड मिलिसेकंदांवर गेला. ३० ही संख्या देणाऱ्या सहकाऱ्याची जोडणी प्रत्येक वेळी तत्काळ तुटत होती आणि कारण शोधण्यात बराच वेळ गेला. डॉक्युमेंटेशन कोडजवळ ठेवल्याने हा प्रश्न सुटतो असे सांगितले जाते, पण आमच्या बाबतीत तर तो सुटला नाही.

उत्तर : जवळ असल्यामुळे दुरुस्ती सोपी होते, पण आपोआप होत नाही. लिनक्स कर्नलच्या लेखनसूचनांत डॉक्युमेंटेशनची कमेंट फंक्शनच्या अगदी लगत ठेवायला सांगितले आहे, आणि कारण असे दिले आहे की त्यामुळे कोड बदलणारी व्यक्ती कमेंटही बदलेल याची शक्यता वाढते. तिथे शक्यता वाढते एवढाच दावा केला आहे, आणि तो योग्य आहे. त्यापुढची हमी हवी असेल, तर चुकीच्या कमेंटमुळे बिल्ड थांबेल अशी व्यवस्था करावी लागते. कमेंटमधील जो भाग यंत्राला तपासता येतो, तो यंत्राकडे द्यावा. माणसाचे लक्ष उरलेल्या भागासाठी राखून ठेवावे.

यंत्राला सर्वांत सहज तपासता येतात ती नावे. कमेंटमध्ये ज्या पॅरामीटरचा उल्लेख आहे तो घोषणेत नसेल, किंवा ज्या क्लासकडे दुवा दिला आहे तो अस्तित्वात नसेल, तर हे कळण्यासाठी अर्थ समजावा लागत नाही. जावाच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, जावाडॉकमधील ‘डॉकलिंट’ ही तपासणी हे काम करते. त्या वेळी अनेक जुन्या प्रकल्पांचे बिल्ड यामुळे अडले आणि पुष्कळांनी ही तपासणी सरळ बंद करून टाकली; मला तो निर्णय घाईचा वाटतो, कारण अडवलेल्या बऱ्याच जागी कमेंट खरोखरच चुकलेली होती. डॉक्सिजनमध्ये इशाऱ्यांना एरर मानण्याचा पर्याय आहे, पायथनच्या जगात वापरल्या जाणाऱ्या स्फिंक्स या साधनामध्येही आहे, आणि रस्ट भाषेमध्ये तुटलेल्या दुव्यांसाठी स्वतंत्र तपासणी आहे. हे पर्याय नव्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून चालू ठेवावेत.

मात्र आपल्या सेकंद-मिलिसेकंदांच्या बाबतीत याने काही झाले नसते, कारण पॅरामीटरचे नाव तेच होते, अर्थ बदलला होता. अशा ठिकाणी उपयोगी पडतात ती चालवून पाहता येणारी उदाहरणे. पायथनचे ‘डॉकटेस्ट’ २००१ पासून भाषेसोबत येते : डॉकस्ट्रिंगमध्ये पायथनच्या चौकटीत दिसते तशी आज्ञा आणि तिचे उत्तर लिहायचे, आणि ते साधन ती आज्ञा खरोखर चालवून उत्तर जुळते का ते पाहते. रस्टमध्ये ही कल्पना आणखी मुळापासून रुजलेली आहे. तिथे लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधील कोडचे तुकडे नेहमीच्या चाचण्यांबरोबर आपोआप कंपाइल होतात आणि चालवलेही जातात. एखादे उदाहरण चालवू नये किंवा ते कंपाइल होताच कामा नये असे सांगायचे असेल तर तशी खूण करावी लागते. गोमध्ये चाचणीच्या फाइलमध्ये ‘एक्झाम्पल’ या नावाने सुरू होणारे फंक्शन लिहितात, त्याच्या शेवटी कमेंटमध्ये अपेक्षित आउटपुट देतात. तेच फंक्शन चाचणी म्हणून चालते आणि तेच पानावर उदाहरण म्हणून छापले जाते. अपेक्षित आउटपुट लिहिले नाही, तर ते नुसते कंपाइल होते, चालवले जात नाही, हे ध्यानात ठेवावे. जावामध्ये अठराव्या आवृत्तीपासून ‘स्निपेट’ टॅगने बाहेरच्या फाइलमधील कोड पानावर आणता येतो, त्यामुळे तो कोड चाचणीतही ठेवता येतो.

उदाहरणे निवडताना वेळ, स्मृतीतील पत्ते किंवा क्रमाची हमी नसलेले संच आउटपुटमध्ये येऊ देऊ नयेत. असे उदाहरण आज जुळते, उद्या जुळत नाही, आणि मग टीम ती तपासणीच बंद करते. आणि सेकंदांविषयी एक वेगळी सूचना : भाषेत कालावधीसाठी स्वतंत्र प्रकार असेल तर साध्या पूर्णांकाऐवजी तो वापरावा. जे प्रकारातून सांगता येते ते कमेंटमध्ये सांगण्याची वेळच येऊ देऊ नये, कारण प्रकार चुकला तर कंपायलर लगेच थांबवतो.

प्रश्न : तयार झालेली एचटीएमएल पाने रिपॉझिटरीत ठेवावीत का?

उत्तर : ठेवू नयेत. एका कमेंटमधील एक शब्द बदलला तरी अनेक पाने बदलतात, रिव्ह्यूमध्ये खरा बदल शोधणे कठीण होते आणि दोन शाखा एकत्र करताना निष्कारण तंटे उद्भवतात. साधनाची मांडणीची फाइल रिपॉझिटरीत ठेवावी, पाने प्रत्येक बिल्डच्या वेळी तयार करावीत, आणि प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक आवृत्तीची पाने वेगळ्या पत्त्यावर जपून ठेवावीत, कारण जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला नव्या आवृत्तीचे डॉक्युमेंटेशन वाचून चुकीचीच माहिती मिळते.

प्रश्न : स्फिंक्सच्या ‘ऑटोडॉक’ने आम्ही पायथन लायब्ररीची पाने करतो. माझ्या संगणकावर सारे ठीक चालते, पण बिल्ड सर्व्हरवर अर्धी मॉड्यूल पानांवर येतच नाहीत. बिल्ड मात्र यशस्वी झाल्याचे दिसते.

उत्तर : ऑटोडॉक सोर्स फाइलचा मजकूर वाचत नाही, ते आपले मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करते आणि स्मृतीत तयार झालेल्या वस्तूंकडून डॉकस्ट्रिंग मागून घेते. त्यामुळे डेकोरेटर लावल्यानंतरचे किंवा चालू असताना तयार झालेले क्लासही त्याला दिसतात, ही त्याची ताकद आहे. पण त्यासाठी मॉड्यूल इम्पोर्ट होऊ शकले पाहिजे. आपल्या संगणकावर असलेली एखादी लायब्ररी, हार्डवेअरचा ड्रायव्हर किंवा एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सर्व्हरवर नसेल, तर इम्पोर्ट फसतो, स्फिंक्स एक इशारा देऊन पुढे जाते आणि ते पान रिकामे राहते.

पहिले काम म्हणून इशाऱ्यांना एरर मानण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे अर्धी पाने गळालेली असताना बिल्ड यशस्वी म्हणून गणला जाणार नाही. त्यानंतर ज्या लायब्ररी सर्व्हरवर बसवणे शक्य नाही, त्यांची नावे ‘ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स’ या यादीत द्यावीत. त्यांच्या जागी स्फिंक्स बनावट मॉड्यूल उभे करते. इम्पोर्ट होताच डेटाबेसला जोडणारा किंवा फाइल लिहिणारा कोड मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर असेल, तर तो फंक्शनमध्ये हलवावा. डॉक्युमेंटेशन तयार करताना असा कोड चालणे धोक्याचे आहे, आणि एरवीही ती मांडणी बरी नव्हे. हे काहीच जमण्यासारखे नसेल, तर ‘ऑटोएपीआय’ हे विस्तार-साधन इम्पोर्ट न करता सोर्स वाचूनच पाने तयार करते. त्या बदल्यात चालू असताना तयार होणाऱ्या गोष्टी त्याला दिसत नाहीत.

जाता जाता, पायथन ‘ओओ’ या पर्यायासह चालवल्यास डॉकस्ट्रिंग काढून टाकल्या जातात. पाने तयार करताना तो पर्याय कुठून लागू झालेला नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे सी प्लस प्लसमधील एक जुना प्रकल्प आला आहे. काही लाख ओळी आहेत आणि कमेंट्स जवळजवळ नाहीत. सुरुवात कुठून करावी? एका सहकाऱ्याचे मत आहे की एआयच्या मदतीने सर्व फंक्शनना एकदम कमेंट्स लिहून घ्याव्यात.

उत्तर : पहिल्या फेरीत एकही कमेंट लिहू नये. डॉक्सिजनमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ चालू करावे. कमेंट नसलेल्या गोष्टीही मग पानांवर येतात. ग्राफविझ बसवून आलेख काढण्याचा पर्याय दिला की कोणती फाइल कोणाला समाविष्ट करते, कोणता क्लास कोणावरून आला आहे आणि कोणते फंक्शन कोणाला बोलावते, याच्या आकृत्या मिळतात. ही पाने इतरांसाठी नसून आपल्यासाठी आहेत. अनोळखी कोडमध्ये वाट शोधायला त्यांचा फार उपयोग होतो, आणि ज्या फंक्शनकडे सर्व बाजूंनी बाण येतात ती सहज नजरेत भरतात. एक सावधगिरी बाळगावी : ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ चालू असताना कमेंट नसल्याचे इशारे डॉक्सिजन आपोआप बंद करते. म्हणून उणिवा मोजायच्या असतील तेव्हा तो पर्याय बंद करून साधन पुन्हा चालवावे.

दुसऱ्या फेरीत ज्या हेडर फाइल इतर विभाग वापरतात तेवढ्याच घ्याव्यात, आणि त्यांतही ज्यांच्याकडे जास्त बाण येतात त्या आधी. बाकीच्या कोडसाठी असा रिवाज ठेवावा की एखादे फंक्शन दुरुस्तीसाठी उघडले आणि ते समजून घ्यायला वेळ लागला, तर जे समजले ते त्याच कमिटमध्ये कमेंट म्हणून लिहायचे. त्या वेळी आपण जे शोधून काढलेले असते, ते नंतर बसून आठवत नाही.

आपल्या सहकाऱ्याच्या सूचनेविषयी माझे मत स्पष्ट आहे : एकदम सर्व फंक्शनना अशा कमेंट्स लिहून घेऊ नयेत. भाषा-मॉडेलसमोर जो कोड ठेवलेला असतो, त्यावरून ते वर्णन लिहिते. कोड काय करतो हे ते बऱ्यापैकी सांगते. कोडने काय करायला हवे होते, कोणती गोष्ट वचन आहे आणि कोणती केवळ योगायोग, हे त्या कोडमध्ये लिहिलेलेच नसते. चूक असलेल्या फंक्शनचे वर्णन मग ती चूकच नियम असल्यासारखे केले जाते, आणि पुढे ती दुरुस्त करायला निघालेला माणूस छापील पानाकडे पाहून थबकतो. एका फंक्शनचा मसुदा मागून, चाचण्या आणि बोलावणाऱ्या जागा स्वतः तपासून, दुरुस्त करून तो स्वीकारणे वेगळे. त्यात मला वावगे काही दिसत नाही. लाखो ओळींवर न वाचता पसरलेल्या कमेंट्स मात्र आपल्या अहवालातील प्रत्येक उणीव झाकून टाकतील, आणि खरे ज्ञान कुठे आहे व कुठे नाही हे ओळखण्याचे साधनच हातातून जाईल.

प्रश्न : सर्व पब्लिक मेथडच्या कमेंट्स पूर्ण असतील, तर वेगळी पुस्तिका लिहिण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते. अशा पानांचा क्रम कोडचा किंवा वर्णमालेचा असतो, शिकण्याचा नसतो. ज्याला फंक्शनचे नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी ती पुरेशी आहेत. ज्याला ही लायब्ररी आपल्या कामाची आहे का, सुरुवात कशी करावी आणि तिचे भाग एकमेकांशी कसे जुळतात हे हवे आहे, त्याला चारशे पानांच्या यादीतून ते सापडत नाही.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘लिटरेट प्रोग्रामिंग’मध्ये हा प्रश्न उलट्या बाजूने हाताळला होता. त्यांच्या ‘वेब’ या प्रणालीत मूळ फाइल ही माणसाला समजावून सांगण्याच्या क्रमाने लिहिलेली असे. ‘टँगल’ हा कार्यक्रम तिच्यातून पास्कलचा कोड काढी आणि ‘वीव्ह’ छपाईसाठी टेक या अक्षरजुळणी-प्रणालीची फाइल तयार करी. टेक ही प्रणाली त्यांनी स्वतः याच पद्धतीने लिहिली. जावाडॉक, डॉक्सिजन यांची वाट वेगळी आहे : क्रम कोडचाच राहतो आणि स्पष्टीकरण त्याला चिकटवले जाते. त्यामुळे ती पद्धत पुष्कळ जास्त लोकांनी स्वीकारली, पण सलग निवेदन तिच्यात बसत नाही. त्या निवेदनासाठी वेगळी जागा करावीच लागते.

व्यवहारात याचा मध्यम मार्ग स्फिंक्सने चांगला दाखवला आहे. प्रकरणे हाताने लिहायची, आणि जिथे एखाद्या फंक्शनची संदर्भमाहिती हवी तिथे एक आज्ञा घालून ती डॉकस्ट्रिंगमधून ओढून घ्यायची. लिनक्स कर्नलनेही २०१६ पासून हीच व्यवस्था स्वीकारली. डॉक्सिजन वापरणाऱ्यांना त्याचे एक्सएमएल आउटपुट ‘ब्रीद’ या जोड-साधनामार्फत स्फिंक्सच्या प्रकरणांत आणता येते. लहान लायब्ररीला एवढा व्याप नको असेल, तर पॅकेजच्या किंवा (रस्टमध्ये ज्याला क्रेट म्हणतात त्या) क्रेटच्या आरंभीची कमेंट दोन-तीन परिच्छेदांची लिहावी आणि तीत एक पूर्ण, चालणारे उदाहरण द्यावे. पुष्कळदा तेवढे पुरते.

प्रश्न : आमच्या कमेंट्स मराठीत आहेत. जावाडॉकच्या यादीत काही मेथडचा सारांश मध्येच तुटलेला दिसतो, जसे ‘तारखेचे रूप बदलते, उदा.’ एवढेच. पुढचे वाक्य कुठे जाते?

उत्तर : पुढचा मजकूर मेथडच्या सविस्तर वर्णनात शाबूत असेल, तुटतो तो फक्त सारांश. पूर्णविराम आणि त्यामागे रिकामी जागा किंवा नवी ओळ आली की पहिले वाक्य संपले, असे जावाडॉकच्या नेहमीच्या मांडणीत धरले जाते. ‘उदा.’, ‘क्र.’, ‘इ.’ या संक्षेपांनंतर नेमके तेच घडते. डॉक्सिजनमध्येही ‘जावाडॉक ऑटोब्रीफ’ चालू असल्यास असेच होते. पहिल्या वाक्यात संक्षेप न वापरता ‘उदाहरणार्थ’ असे पूर्ण लिहिणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. संक्षेप ठेवायचाच असेल, तर जावाडॉकमध्ये टिंबानंतर साध्या रिकाम्या जागेऐवजी एचटीएमएलमधील न तुटणारी जागा घालावी, आणि डॉक्सिजनमध्ये टिंबानंतर उलटी तिरकी रेघ देऊन मग जागा सोडावी. जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘समरी’ हा टॅगही आहे. त्याच्या कंसात जेवढे लिहाल तेवढाच सारांश मानला जातो, मग आत कितीही टिंबे असोत.